खरं सांगायला २२ दिवस लागले (गीता १७.१५)



आजचा श्लोक १७व्या अध्यायातला १५वा. भगवंत इथे तपाचे तीन प्रकार सांगतात: आधी शरीराचं तप, मग वाणीचं, मग मनाचं. आजचा श्लोक मधला, वाणीचा. बोलणं कसं असावं? समोरच्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास. झाला श्लोक.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हा सोपा श्लोक वाटला होता. शिव्या देऊ नका, खोटं बोलू नका, गोड बोला. शाळेच्या भिंतीवर लिहितात तसं काहीतरी. यंदा उन्हाळ्यात कळलं की यातल्या अटी एकमेकींशी भांडतात. खरं सांगावं तर समोरच्याला उद्वेग होतो. हित बघावं तर खरं गिळावं लागतं. अशा वेळी काय करायचं? मी जे केलं ते चुकलं. कसं चुकलं ते आज लिहितो.

त्याआधी एक कबुली. रोज सकाळी इथे श्लोक लिहिणारा हा माणूस १४ वर्षं सिगरेट ओढत होता. दिवसाला आठ-दहा. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण मी कधी लिहिलं नाही. पूजेआधी हात धुतो, ब्रश करतो, मग बसतो, असं मनाशी म्हणायचो आणि विषय संपवायचो.

सिगरेट धरली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या गच्चीवर. नोकरी लागल्यावर ऑफिसखालची टपरी आली. आम्ही चौघं. सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, पण मला ती रोज मिळत होती. एक सिगरेट म्हणजे जेमतेम सात मिनिटं. त्या सात मिनिटांत कोड का फुटला, मॅनेजर काय बोलला, फ्लॅटचा हप्ता, कोणाच्या वडिलांची बायपास, सगळं बोलून व्हायचं. ऑफिसात कोणी कोणाला मनातलं विचारत नाही. टपरीवर विचारतात.

म्हणून सोडायला बसलो की नुसतं निकोटिन सुटायचं नाही, माणसंही सुटायची. मला व्यसन चौघांत लागलं आणि सोडायला मात्र मी प्रत्येक वेळी एकटा बसलो. पाच वेळा. एकदा १ जानेवारीला, दोनदा श्रावणात, एकदा मुलगी झाली तेव्हा, एकदा खोकल्यातून रक्ताचा धागा दिसला म्हणून. सगळ्यात जास्त टिकलं ते १९ दिवस. प्रत्येक वेळी वाटायचं, आपल्यात दम नाही.

तिसऱ्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो. माणसाची इच्छा नसतानाही, कोणीतरी जबरदस्तीने ओढून न्यावं तसा तो पापाकडे का जातो? रात्री अकराला दुधाची पिशवी आणायच्या निमित्ताने खाली उतरताना मला हा प्रश्न कितीदा आठवला असेल. भगवंत उत्तर देतात की तो काम आहे, रजोगुणातून आलेला, कधी न भरणारा. आणि ज्ञान कसं झाकलं जातं हे सांगताना तीन दाखले देतात. त्यातला पहिलाच दाखला धुराचा आहे! धुराने अग्नी झाकावा तसं. सिगरेट ओढणाऱ्याने हा श्लोक वाचावा आणि शांत झोपून दाखवावं.

शरीराची बाजूही समजून घेऊ, कारण नुसतं पाप-पाप म्हणून काही हाताला लागत नाही. झुरका घेतला की निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं आणि मेंदू पुन्हा मागू लागतो. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, सारखं खावंसं वाटतं. तीन-चार आठवड्यांत शरीराची मागणी बरीचशी ओसरते. पण सवयीची मागणी राहते. चहा झाला, जेवण झालं, फोन वाजला, पाऊस आला की हात खिशाकडे जातो. मात्र कुठलीही एक तलफ फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांत चढते आणि उतरते. आपल्याला वाटतं, आता भागवली नाही तर ती वाढतच जाणार. तसं होत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून पाच वेळा हरलो होतो.

यंदा गुढीपाडव्याला भाटघरला मामांकडे गेलो. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. विडी ओढायला लागून त्यांना ४० वर्षं झाली. दिवसाला एक बंडल, कधी दीड. भोरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं, आता बास. पण मामांचं कारण वेगळं होतं. त्यांना आषाढीला माळ घालायची होती. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू नाही, मटण नाही, व्यसन नाही. आजोबा माळकरी होते. मामांनी विडीपायी इतकी वर्षं पुढे ढकललं होतं.

श्रीखंड-पुरी झाल्यावर मी जरा फिरून येतो म्हणून धरणाच्या बाजूला गेलो. मागोमाग मामाही आले. दोघांच्याही हातात जे असायचं ते होतं. आधी दोघंही ओशाळलो, मग हसलो.

मामा म्हणाले, "तू पण सोडायला बसलायस म्हणं. तुझी आई सांगत होती."

"पाचदा सोडली, मामा."

"मी तर मोजायचं सोडलं. असं करू, दोघं मिळून सोडू. तू मला फोन कर, मी तुला करतो."

नियम मामांनीच ठरवले. रोज सकाळी सहाला फोन. राम कृष्ण हरी म्हणायचं आणि किती दिवस झाले तो आकडा सांगायचा. दिवसा तलफ आली तर कधीही फोन. समोरच्याने उपदेश करायचा नाही, तलफ उतरेपर्यंत बोलत राहायचं, बास. विषय कुठलाही चालेल.

सुरुवातीचे दिवस काय सांगू! पहिल्या आठवड्यात आम्ही दिवसाला सात-आठ वेळा बोलायचो. मी ऑफिसच्या जिन्यात, मामा रेंज मिळावी म्हणून घराबाहेर चढावर. मामा मला धरणाच्या गोष्टी सांगायचे. १९२७ साली हे धरण पुरं झालं, तेव्हा त्याचं नाव लॉइड धरण होतं, आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडणारे दरवाजे आहेत, ते कसे चालतात हे त्यांनी मला तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा मला तलफ आलेली होती आणि तिन्ही वेळा दरवाजे पूर्ण समजायच्या आत ती गेली.

मामांची अडचण हाताची होती. सकाळी चहा झाला की हाताला काय देऊ, म्हणायचे. मग जपमाळ धरली. मी बडीशेप आणि गार पाणी. शिवाय एक युक्ती: तलफ आली की घड्याळ बघायचं आणि दहा मिनिटं फक्त पुढे ढकलायचं. नाही म्हणायचं नाही, नंतर म्हणायचं. त्या दहा मिनिटांत नाम घ्यायचं. सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत ते मान्य करतात, मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. वैराग्य माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दहा मिनिटांचा अभ्यास आवाक्यातला होता.

असे ३३ दिवस गेले. माझ्या आयुष्यातला विक्रम!

३४व्या दिवशी मोठं रिलीज होतं. रात्री दीडला सिस्टिम कोसळली, तीनला उठून उभी राहिली. आम्ही सगळे खाली आलो. कोणीतरी पाकीट पुढे केलं. मी घेतली. मामांना फोन करता आला असता. मामांनी पहाटे तीनलाही उचलला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच केला नाही. मला थांबायचं नव्हतं.

सकाळी सहाला मामांचा फोन आला.

"राम कृष्ण हरी. किती झाले रं?"

"पस्तीस, मामा."

हा आकडा मी विचार करून सांगितला नाही. तो तोंडातून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी छत्तीस म्हणालो तो विचार करून.

पुढचे तीन आठवडे मी दिवसाला दोन-तीन ओढत होतो आणि रोज सकाळी एक आकडा वाढवून सांगत होतो. आमच्या कामात सर्व्हर बंद पडलेला असतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असतं, तसं. दिवसाचे फोन मी कमी केले. मामा करायचे, मी उचलायचो, त्यांची तलफ उतरवायचो. मी स्वतः मात्र करायचो नाही. एकदा मामी सहज म्हणाली, "हे गावभर सांगत फिरतात, माझा भाचा पुण्यात एवढ्या टेन्शनमध्ये असतो तरी ओढत नाही, मग मी कसा ओढू?"

इथे आजचा श्लोक आडवा आला. माझं खोटं मामांना धरून ठेवत होतं. मामा खरोखर ओढत नव्हते. खोकला कमी झाला होता, चढ चढताना दम लागत नव्हता. मी खरं सांगितलं तर? उद्वेग होणार, अप्रिय वाटणार, आणि हित तर सरळसरळ बुडणार. श्लोकातल्या तीन अटी माझ्या खोट्याच्या बाजूने उभ्या होत्या आणि सत्य एकटं विरुद्ध. बहुमत झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

अजून एक वकील मी गाठला. महाभारतातल्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. कौशिकाने कधी खोटं बोलायचं नाही असं व्रत घेतलेलं. जीव वाचवायला पळालेली माणसं कुठे लपलीत हे त्याने पाठलाग करणाऱ्या लुटारूंना खरं सांगून टाकलं. लुटारूंनी त्यांना मारलं आणि कौशिक नरकात गेला. बघा, मी म्हटलं, खुद्द भगवंत सांगतात की आंधळेपणाने खरं बोलू नये!

ही गोष्ट मी चार-पाच दिवस मनात फिरवली. शेवटी तीच माझ्यावर उलटली. कौशिक खोटं बोलला असता तर त्याच्या पदरात काय पडलं असतं? काही नाही. उलट त्याचं व्रत मोडलं असतं, सत्यवादी म्हणून असलेलं नाव गेलं असतं. त्याने स्वतःचं नाव जपलं आणि दुसऱ्यांचे जीव गेले. मीही स्वतःचं नावच जपत होतो. तो खरं बोलून, मी खोटं बोलून. गोष्टीत मी ज्याच्या जागी स्वतःला बसवत होतो तो दयाळू माणूस तिथे नव्हताच. मीच कौशिक होतो.

मग दुसरा प्रश्न आला. मामांचं हित म्हणजे काय? विडी न ओढणं, एवढंच? आमचा करार दोघांचा होता. मी त्यांना सावरणार, ते मला सावरणार. ३५व्या दिवसापासून मी त्यांच्याकडून दुसरं काम काढून घेतलं होतं, तेही त्यांना न सांगता. माझ्या मनात मी डॉक्टर झालो होतो आणि मामा पेशंट.

असली सोबत फार दिवस चालत नाही, हे आपल्या पुण्यातल्या लोकांनी कधीच ओळखलंय. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे व्यसन हा आजार मानतात. आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून नव्याने आलेल्यांना सांभाळतात. व्यसनी माणसाला उपदेश फार जणांनी केलेला असतो. आपणही तिथेच पडलो होतो असं सांगणारा माणूस त्याला क्वचित भेटतो.

त्याहून जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३५ साली बिल विल्सन नावाचा दारू सोडलेला माणूस कामानिमित्त ॲक्रन शहरात आला. सौदा फिसकटला आणि त्याला दारूची तलफ आली. तेव्हा त्याला सुचलं की आपल्याला आत्ता दुसरा एखादा दारुडा भेटायला हवा, त्याला सुधारायला नव्हे, स्वतः वाचायला. अशी त्याची गाठ डॉ. बॉब यांच्याशी पडली. डॉ. बॉब यांनी पिणं सोडलं, आणि थोड्याच दिवसांत एका वैद्यकीय परिषदेला गेले असताना पुन्हा प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांना सांभाळलं. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा पेला घेतला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही जगभर पसरलेली संस्था आपला वाढदिवस त्याच तारखेपासून मोजते. पहिल्या भेटीपासून मोजत नाहीत, घसरून पुन्हा उभं राहिल्याच्या दिवसापासून मोजतात. हे वाचलं त्या रात्री ठरवलं की रविवारी भाटघर.

हायवेवरून कापूरहोळला वळलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ज्येष्ठातलं ऊन. धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. मामा खूश होते. म्हणाले, वेळवंड खोऱ्यात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडलंय, चल दाखवतो. एरवी ते देऊळ धरणाच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं. मी म्हटलं, मामा, आधी बसा. सांगायचंय.

सांगितलं. ३४वा दिवस, पाकीट, पस्तीस, छत्तीस, सगळं. मामा माझ्याकडे न बघता ऐकत होते.

"म्हणजे किती दिवस खोटं?"

"बावीस."

"रोज सकाळी?"

"रोज."

मामा उठले आणि आत गेले. जेवताना बोलले नाहीत. देवळाला गेलो नाही. निघताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला, पण तोंड वळवलेलं होतं. रात्री दहाला मामीचा फोन आला. "हे मागच्या दारी बसून विडी ओढतायत. तू काय बोललास त्यांना?"

मंडळी, त्या रात्रीबद्दल मला तुम्हाला गोड काही सांगता येणार नाही. मला वाटलं, केलंस ना वाटोळं? ज्या हिताच्या भीतीने २२ दिवस गप्प बसलास ते हित एका रविवारी घालवलंस. स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला म्हाताऱ्या माणसाच्या हातात विडी दिलीस. झोप लागली नाही. तलफ तर अशी की विचारू नका. पण ओढली नाही. ओढायचं तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला.

"राम कृष्ण हरी," मामा म्हणाले. "काल एक ओढली मी."

"माझ्यामुळे, मामा."

"तुझ्यामुळं न्हाई. तलफ माझीच व्हती. कारण शोधत व्हती, तुझं नाव गावलं." मग थोडं थांबून म्हणाले, "राग विडीचा न्हाई आला रं. एवढे दिवस तू रात्री-अपरात्री एकटा झुंजत व्हतास आणि मला उठवलं न्हाईस, त्याचा आला. मी काय नुसतं घ्यायलाच व्हतो व्हय?"

मला काही बोलता आलं नाही.

"तुझे किती आज?"

"शून्य."

"माझेबी शून्य. चल."

त्यानंतर मी हा श्लोक परत उघडला आणि मला त्यातला पहिला शब्द वेगळा दिसला. उद्वेग न देणारं बोलणं म्हणजे गुळगुळीत बोलणं, असं मी समजत होतो. पण मामांना जो उद्वेग झाला तो ३४व्या दिवशीच्या सिगरेटचा नव्हता. तो २२ दिवसांच्या आकड्यांचा होता. हेच मी ३५व्या दिवशी सकाळी सहाला सांगितलं असतं तर मामा दोन शिव्या घालून म्हणाले असते, चल, परत एक पासून. म्हणजे खरं आणि अनुद्वेगकर यांचं भांडण मुळात नव्हतंच. मी उशीर करून ते लावलं. सत्य शिळं होत जातं तसं ते टोचायला लागतं, आणि मग आपण म्हणतो, सत्य किती कठोर असतं.

हितही तसंच. मामांचं हित मी एका आकड्यात मोजत होतो. मामांना दिवस हवे होतेच, पण त्यांना भाचाही हवा होता. कोणाला तरी आपला उपयोग होतोय ही भावना त्यांना विडीपासून लांब ठेवत होती, आणि तीच मी खोटी करून टाकली होती.

तुम्ही विचाराल, आणि मामांनी सोमवारी फोन केलाच नसता तर? परत बंडलावर गेले असते तर? मग मी हा लेख लिहिला असता का, माहीत नाही. पण खरं सांगणं तरीही बरोबर असतं का, याचं उत्तर मी आता हो असंच देतो. तप म्हणतात ते याला. फळ हातात नसताना करायचं.

आषाढीला मामांनी माळ घातली नाही. तोपर्यंत आमचा दीड महिनाही झाला नव्हता. मामा म्हणाले, माळेला खोटं नको, कार्तिकीला बघू. पण माऊलींची पालखी नीरेला आली तेव्हा पादुकांच्या स्नानाला ते गेले. परत आल्यावर मला फोनवर सांगत होते की आपल्या वेळवंडीचं पाणी नीरेला मिळतं, नीरा नृसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. मी नाही गेलो यंदा, पण पाणी गेलं.

आता श्रावण आहे. धरण भरलंय. आज सकाळी माझे ८२ झाले, मामांचेही ८२. मधे दोनदा मला रात्री तीनला फोन करावा लागला. दोन्ही वेळा मामांनी पहिल्या रिंगला उचलला आणि दरवाजांची गोष्ट सुरू केली. मला अजूनही ते दरवाजे पूर्ण समजलेले नाहीत.

आजचा अभ्यास

तुमच्यापैकी कोणी सिगरेट, विडी, तंबाखू सोडायला बसलं असेल तर आज एवढंच करा. आपल्या राज्यात धुरापेक्षा मळून खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. त्यामुळे 'मी कुठे ओढतो' म्हणून कोणी सुटत नाही.

१. एक सोबती शोधा. तोही सोडणारा असेल तर उत्तम. घरचा, मित्र, भजनातला, कोणीही. ठरलेल्या वेळी रोज बोला.

२. तलफ आली की दहा मिनिटं पुढे ढकला. पाणी प्या, जागा बदला, नाम घ्या, फोन करा. फोन करावासा वाटत नसेल तेव्हा तर नक्की करा.

३. घसरलात तर त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

४. सोबती घसरला तर त्याला गुरुवाणी ऐकवू नका. 'आज किती?' एवढंच विचारा.

५. सोबती मिळेपर्यंत थांबू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, सिगरेटच्या पाकिटावरच छापलेली असते. डॉक्टरांकडे निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या, औषधं मिळतात. ती घेण्यात भक्ती कमी पडत नाही.

आणि ज्यांना कसलंच व्यसन नाही त्यांच्यासाठी: आज एखादं खरं, जे सांगायला उशीर झालाय, ते आठवा. कोणाला सांगायचं राहिलंय ते तुम्हाला माहीत आहे.

उद्या १६वा श्लोक, मनाच्या तपाचा.

राम कृष्ण हरी.